गलांड्याचा कौल

काकी, तुला जाऊन आज वीस दिवस झाले. मुरबाडला शाळेच्या खोलीत बसून हे लिहितो आहे. तू होतीस तोवर तुला कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं. माझं पत्र दादानेच तुला वाचून दाखवलं असतं, आणि दादाच्या तोंडून वाचून घेण्यासारखं आपलं बोलणं नव्हतं. आता ती अडचण राहिली नाही.

आधीच सांगतो. चौदा वर्षं माझा तुझ्यावर संशय होता. मी तुझ्याकडे जेवलो, तुझ्या ओटीवर झोपलो, परीक्षेला निघताना तुझ्या पाया पडलो, आणि हे सगळं करताना मनात एकच होतं, की हिनेच ते केलं. माझ्यासाठी केलं म्हणून मी तुझा ऋणी होतो. केलं म्हणून तुझ्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो.

तू आमची काकी नव्हतीस नात्याने. शहापूरहून मुरबाडकडे येणाऱ्या वाटेवरच्या आमच्या गावात गावदेवीच्या देवळाचे गुरव ते काका, आणि तू त्यांची बायको. तुमचं खोपट आमच्या शेताला लागून. तुला मूल नव्हतं. तुला गलांडा होता.

त्याचं बी तुझ्या भावाने आणलं. तो आसनगाव स्टेशनवर बागेला पाणी घालायचा, आणि स्टेशनावरच्या साहेबाच्या फुलांची सुकलेली बोंडं त्याने कागदात बांधून तुला दिली. देवळामागे मुरमाड उंचवटा होता, जिथे नाचणीसुद्धा कोणी पेरत नसे. तिथे तू ते टाकलंस. पहिलं फूल आलं तेव्हा मी सात वर्षांचा असेन. मध्ये काळपट लाल गोंडा, भोवती लाल पाकळ्या, आणि प्रत्येक पाकळीचं टोक हळदीत बुडवून काढल्यासारखं पिवळं. पानं खरखरीत. तू माझा हात धरून पानावरून फिरवलास नि म्हणालीस, “बघ, वासरू चाटतं तसं लागतं का नाय?”

गावाला ते फूल आवडलं नाही. त्याला ‘आगगाडीचं फूल’ म्हणत. लाल आहे पण वास नाही, म्हणजे त्यात काहीतरी आहे. भर उन्हात, विहिरी आटल्या तरी फुलतं, म्हणजे ते पाणी कुठून पितं कोण जाणे. मग एका वर्षी गुरांत खुरकतीची साथ आली. गावाने लगेच बोट दाखवलं. दादा तेव्हा अकराचा. दोन पोरांना घेऊन तो तुझ्या उंचवट्यावर गेला आणि झाडं उपटायला लागला. तू बाहेर आलीस. ओरडली नाहीस.

“उपटलंस ते उपटलंस. आता मूळ परत मातीत खोच, नाय तर हात खाजतील.”

दादा पळाला. रात्री खरंच त्याचे हात खाजले, आणि त्याने आईला सांगितलं की काकीने काहीतरी केलं. पानांच्या लवेने खाजतं हे मला माहीत होतं, माझेही खाजायचे. पण मी बोललो नाही. तो पहिला प्रसंग, जिथे मला माहीत असून मी बोललो नाही.

मी तुझ्याकडचा होतो. लोट्याने पाणी घालायचो, वाळलेली फुलं खुडायचो. “खुडलं की नवं येतं,” तू म्हणायचीस, “नाय खुडलं तर तेच म्हातारं मिरवत राहतं, आमच्या यांच्यावानी.” आणि काका ओटीवरून खोकायचे.

मग तो उन्हाळा आला. कल्याणच्या मामाचा निरोप आला की त्याच्या खोलीत एका पोराची जागा आहे. एकाला इंग्रजी शाळेत घालता येईल, दोघांना नाही. दादा गावच्या शाळेत माझ्या दोन इयत्ता पुढे होता. माझ्याइतकाच हुशार, हिशेबात माझ्याहून चांगला. बाबा चार दिवस धड जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, “ह्यो पन माझा, त्यो पन माझा. मी कोणाला ठेवू? देवीला विचारू.”

आमच्याकडे देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवीचा पाषाण पाण्याने भिजवतो, दोन फुलं ओली करून दोन अंगांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडचं फूल थोरल्याचं, डावीकडचं धाकट्याचं. ज्याचं फूल आधी पडेल त्याला देवीने सोडलं, तो जाणार. ज्याचं धरून ठेवलं तो गावात राहणार. दोन्ही फुलं एकाच जातीची लागतात, म्हणजे तक्रार नको.

त्या दिवसांत गावात तगर नव्हती, अनंत नव्हता. सगळं करपलेलं. फुललेला फक्त तुझा गलांडा. काकांनी आदल्या दिवशी देवळात सांगितलं की गलांडा लावू, तेव्हा एक म्हातारा उसळला.

“देवीला आगगाडीचं फूल?”

“मंग काय झालं? देवी काय तिकीट मागते?” काका म्हणाले.

लोक हसले आणि ठरलं. तू आम्हाला दोघांना सांगितलंस, “उद्या सकाळी आंघोळ करून या. फुलं मी देईन.”

सकाळी तू आम्हाला एकेक फूल दिलंस, पळसाच्या पानात घालून. आम्ही देवळापुढे उंबराखाली जाऊन बसलो. माणसं जमायला वेळ लागला. दादा मध्येच “पानी पिऊन येतो” म्हणून उठला आणि थोड्या वेळाने आला. त्याच्या हातात पान होतं, माझ्या हातात पान होतं.

काकांनी आधी दादाचं लावलं, मग माझं. गाऱ्हाणं अर्ध्यावर आलं असेल नसेल, माझं फूल टप्पकन खाली पडलं. दादाचं पाषाणाला असं बसलं होतं की जणू कोणी शेंदराने काढलंय. त्याच्या पाकळ्या मऊ होऊन पसरल्या होत्या. दुपारी देवळाचं दार लोटलं तेव्हाही ते तिथेच होतं.

“धाकट्याला सोडला देवीने,” काका म्हणाले.

आणि दादा ओरडला, “माझं फूल शिळं हाय. काकीने मला शिळं दिलं. माझ्यावर राग हाय तिचा.”

सगळी माणसं तुझ्याकडे वळली. तू दाराशी उभी होतीस. तोंडाला पदर लावलेला. काकांनी विचारलं, “काय गो?”

तू दादाकडे बघितलंस. बराच वेळ. मग म्हणालीस, “देवीने दिला तो कौल दिला.”

एवढंच. हो म्हणाली नाहीस, नाही म्हणाली नाहीस. तुझ्या त्या गप्प राहण्यावर गावाने चौदा वर्षं घालवली. बायका तुझ्या हातचं फूल घेईनात. कौल लावायला लोक पलीकडच्या गावच्या गुरवाकडे जाऊ लागले. कोणी सून आणायची, कोणी विहीर खणायची, सगळे तिकडे. काकांकडे फक्त दिवाबत्ती उरली. पिढ्यान्‌पिढ्या कौल लावणारा माणूस देवळाच्या पायरीवर दोरी वळत बसलेला मी बघितला. त्यांनी तुला बोल लावला का, मला माहीत नाही. तुमच्या घरातून आवाज कधी आला नाही.

मी कल्याणला गेलो. आणि तिथे माझा संशय वाढत गेला. गणितात पहिला आलो की वाटायचं, हा नंबर दादाचा. मामीने ताटात जास्त वाढलं की वाटायचं, हे दादाचं. सुटीत घरी आलो की दादा नांगर सोडून यायचा, माझं पुस्तक हातात घ्यायचा, उलटसुलट बघायचा आणि ठेवून द्यायचा. “जड हाय,” म्हणायचा. गावात कोणी विषय काढला की मात्र तेच, “काकीने शिळं दिलं, नाय तर मी असतो तिथं.”

मी तुझ्याकडे यायचो. तू विचारायचीस, “काय शिकलास?” मी सांगायचो, आणि तुझ्या तोंडावर जो आनंद दिसायचा तोच मला तुझ्याविरुद्धचा पुरावा वाटायचा. एवढा आनंद उगाच होतो का? आपलं काही त्यात असल्याशिवाय?

पुढे मुंबईला कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं. एकदा फुलं दाबून चिकटवायची वही करायची होती, तर मी सुटीतून तुझा गलांडा नेला. प्रोफेसरांनी ते पान उघडून वर्गाला दाखवलं. म्हणाले, हे फूल आपल्या देशातलं नव्हे, समुद्रापलीकडून बागांत आलं आणि बागांतून निसटलं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, डोंगरावरची सोनकी, शेतातला कारळा, सगळी एकाच घराण्यातली. आणि ज्याला आपण एक फूल म्हणतो ती पुष्कळ बारीक फुलांची गर्दी असते. घरी येऊन तुला हे सांगितलं तेव्हा तू हसलीस. “कारळा हिचा भाऊबंद? मंग सोयरीक जुनी हाय. गावाने उगाच परकी केली.”

त्याच शास्त्राने मला तुझ्याविरुद्ध बोलायला बळ दिलं. बी. एस्सी. होऊन आलो त्या दिवशीची गोष्ट. तू माझ्या तोंडात पेढा घातलास आणि मी तो खाता खाता तुला शिकवायला बसलो. ताज्या पाकळीत पाणी भरलेलं असतं, ती ताठ असते, ओल्या दगडावर लावली तरी अंग चोरते आणि फूल पडतं. कोमेजलेली पाकळी ओल्या कागदासारखी चिकटते. म्हणजे ज्याला ताजं फूल मिळेल तोच जाणार. हे तुला फुलं लावून लावून माहीत असणार.

मी विचारलं, “काकी, आता तरी सांग. तू मला ताजं दिलंस आणि दादाला शिळं?”

तू पदराने हात पुसलास.

“माझ्या हातातून सुटलं तवा फूल कसं व्हतं, ते लिवलंय का तुज्या पुस्तकात?”

“म्हणजे?”

“म्हंजे पेढा खा.”

मला राग आला. मला वाटलं, अडाणी बाई विषय टाळते आहे. हे शब्द मी मनात वापरले, काकी. पदवीचा कागद पेटीत होता आणि तो ज्यांच्यामुळे मिळाला त्यांच्यासाठी मनात हे शब्द होते.

त्यानंतर आपण यावर बोललो नाही. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांत मी मुरबाडला शाळेत मास्तर म्हणून लागलो. महिन्या-दोन महिन्यांनी चालत यायचो. लढाई संपली, तू थकत गेलीस. शेवटच्या खेपेला तू बाजेवर पडून होतीस, आवाज खोल गेलेला. मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता सांगणार.

“पावसाच्या आधी बी काढून ठेवा रे. दादाला ठावं हाय कसं काढायचं.”

दादाला? ज्याने ती झाडं उपटली, ज्याने तुझी नालस्ती गावभर केली, त्याला? तापात बोलते आहे असं समजून मी “हो” म्हटलं आणि बाहेर आलो.

बाराव्या दिवशी दुपारी मी देवळामागे गेलो. उंचवट्यावर दादा बसला होता. मांडीवर फडकं पसरलेलं, आणि तो बोंडं खुडत होता. सगळी नाही. एक धरून चिमटीत चोळायचा, सोडून द्यायचा; दुसरं धरायचा, मोडून घ्यायचा. पाकळ्या गळल्यावर गलांड्याचं जे काटेरी गोल बोंड राहतं ना, ते पिकलं की बोटात आपोआप भुगा होतं, कच्चं असलं तर टोचतं. हे कळायला बोटांना बरीच वर्षं लागतात. माझ्या बोटांना ते येत होतं. दादाच्या बोटांना माझ्याहून चांगलं येत होतं.

तेव्हा मी नीट बघितलं. उंचवट्याला दगडाची ताल, म्हणजे माती धरणारा बांध, घातलेली होती. पाणी निघून जायला चर होता. खालच्या अंगाला राखेचा ढीग होता. एकट्या म्हातारीचं ते काम नव्हतं.

“हे कोणी केलं?” मी विचारलं.

“कोन करणार? देवी?”

“दादा, तू?”

“दर साली दिवाळी झाली की येतो. ताल लावतो, राख टाकतो. तू सुटीत येतस तवा नाय येत.” तो बोंड चोळत राहिला. “बस. ते बाजूचं पिकलंय, घे.”

मी बसलो. बराच वेळ दोघे खुडत होतो. मग तो माझ्याकडे न बघता बोलला.

“फूल मीच बदललं.”

मी चिमटीतलं बोंड फडक्यात टाकलं.

“आदल्या सांजेला इथनं एक तोडून ठेवलेलं. उंबराच्या ढोलीत. मला वाटलं, मेलेलं फूल लवकर गळतं. झाडावर बघ, जुनं झालं की पाकळी पडते का नाय? म्हनून सकाळी काकीने दिलेलं टाकलं आनि ते शिळं काकाच्या हातात दिलं.” तो हसला, पण आवाज नव्हता. “दगडाला चिकटलं ते चिकटलंच. माझं मीच मला गावात चिकटवून ठेवलं.”

“काकीला माहीत होतं?”

“तितंच कळलं तिला. बघितलं ना माझ्याकडे? मी आधीच वरडून बसलेलो. मग दोन वर्सांनी आलो, इथंच. पाया पडलो. बोललो, गावाला सांग. तर बोलली, ‘सांगितलं तर तुला चोर म्हनतील, आनि तुला अजून इथंच राहायचाय. मला काय, माझं फूल तसं पन आगगाडीचं.’ आनि बोलली, ताल लाव.”

म्हणजे त्या मुरमाड उंचवट्यावर तुम्ही दोघांनी बारा वर्षं काम केलं, आणि मी कल्याण-मुंबईहून शास्त्र शिकून येऊन तुला पेढा खाता खाता चोर ठरवत होतो. दादा गावात तेच खोटं बोलत राहिला, कारण एकदा बोललेलं थांबवलं तर लोक विचारतील का थांबवलं. आणि तू त्याला बोलू दिलंस. याला काय म्हणायचं, मला कळत नाही. माया म्हणू, तर त्या मायेने काकांचं देऊळ ओस पडलं.

आता माझं सांगतो. तुला आधी, कारण तुझ्याकडूनच ते लपवलं.

त्या सकाळी तू फुलं तोडलीस तेव्हा मी आधीच आलेलो होतो. दादा मागून येत होता. तू एकाच झाडाची दोन फुलं तोडलीस, माझ्या डोळ्यांसमोर. दोन्हींवर दव होतं. दोन्ही ताठ होती. मग देवळात काकांच्या हातात दादाचं मऊ पडलेलं फूल बघितलं तेव्हा दहा वर्षांच्या पोरालाही कळण्यासारखं होतं, की हे काकीने दिलेलं नाही. मी बोललो असतो तर कौल परत लावला गेला असता. आणि परत लावला असता तर माझं फूल आधी पडेल याची खात्री नव्हती.

म्हणून मी बोललो नाही. पुढे दादा इतक्या वेळा म्हणाला, गाव इतक्या वेळा म्हणालं, की मीही तेच धरलं. काकीने माझ्यावरच्या मायेने केलं, असं धरलं की माझ्याकडे काही दोष येत नव्हता. मी फक्त आवडता होतो. तुझ्यावर संशय घेणं मला सोयीचं होतं, काकी. त्या सोयीवर मी पदवी घेतली.

दादाला तिथेच सांगितलं. त्याने हात थांबवला नाही.

“मंग तुला पन ठावं व्हतं.”

“हो.”

“आनि तू चवदा वर्सं तिच्यावर संशय धरलास.”

“हो.”

त्याने पुढचं बोंड मोडून घेतलं. म्हणाला, “फडकं नीट धर. बी सांडतंय.”

तेराव्याला गाव जेवायला आलं. पानं उचलल्यावर दादा देवळाच्या पायरीवर उभा राहिला. मी त्याच्या शेजारी. आधी त्याने सांगितलं, मग मी सांगितलं. दोघांनी मिळून दहा वाक्यं बोललो असू. फुलाला नावं ठेवणारा तो म्हातारा अजून आहे; तो खाली बघून काडीने माती उकरत होता. बाबा उठून विहिरीकडे गेले. पायरीवर काका दोरी वळत होते. त्यांनी दोरी बाजूला ठेवली, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

“मंग?” ते म्हणाले. “परत लावू का कौल? मागं फुलं हायेत अजून दोन-तीन.”

कोणीतरी हसलं, मग दादाही हसला, आणि हसता हसता त्याने पायरीवर बसून तोंड गुडघ्यांत घातलं. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. काल निरोप आला, की आमच्या गावची एक बाई पोरीच्या लग्नाचं विचारायला काकांकडे आली होती. फूल नव्हतं, म्हणून उद्या ये म्हणाले. उद्या कुठून आणणार, ते दादाला विचारलं असेल.

बीचं अर्धं फडकं माझ्याकडे आहे. शाळेमागे मुरूम आहे, पाऊस संपला की टाकीन. तुझे उपकार कुठून मोजायला लागू कळत नाही, म्हणून मोजत नाही.

फक्त एक शंका अजून जात नाही, आणि तीही तुलाच सांगतो. माझं फूल पडलं तेव्हा तू तोंडाला पदर लावला होतास. दादाचं शिळं फूल तुला दिसलं होतं. एक शब्द बोलली असतीस तर कौल फिरला असता, आणि बोलली नाहीस. ते दादाला वाचवायला, की मला जाऊ द्यायला? पदराआड तू काय करत होतीस, काकी? इतकी वर्षं मी समजत होतो की हसत होतीस.